मेंदूचे माजघर आणि कामगाराचा हात



कामगार चळवळीतला माणूस मेंदूवर बोलणार, हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. मेंदू हा डॉक्टरांचा विषय, फार तर तत्त्वज्ञांचा. युनियनवाल्याने महागाई भत्त्यावर बोलावे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आम्ही हा विषय मुद्दाम मागून घेतला. कारखान्याच्या भाषेत माणसे ‘हातां’नी मोजतात. अमुक खात्यात दहा हात कमी पडतात, असे म्हणतात. वेतनाचा करार करावयास बसले की काम करणाऱ्यांची कुशल, अर्धकुशल, अकुशल अशी प्रतवारी लागते आणि डोक्याचे काम निराळे, हाताचे निराळे, हे गृहीत धरून पुढची बोलणी चालतात. ही वाटणी शरीरशास्त्राला मान्य आहे काय, हे पाहावे म्हणून आम्ही पुस्तके उघडली. शाळा आमची लवकर सुटली; पुस्तके सुटली नाहीत.

त्या वाचनातून आमची एक खात्री झाली, तीच आज आपल्यापुढे मांडावयाची आहे. हाताचे कसब हातात नसते. ते मेंदूच्या अगदी आतल्या भागात, जेथे आपली जाणीवसुद्धा क्वचित पोहोचते, तेथे साठलेले असते. आणि कामाच्या जागेतील हवा, उजेड व वेळ यांनी ते तेथून नाहीसेही होऊ शकते.

प्रथम घराची रचना पाहू. मोठ्या माणसाचा मेंदू तेराशे ते चौदाशे ग्रॅम भरतो. शरीराच्या वजनाचा हा सुमारे पन्नासावा हिस्सा. पण आपण घेतलेल्या प्राणवायूपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा तो एकटा खातो. चित्रात आपण पाहतो तो अक्रोडासारखा सुरकुतलेला भाग म्हणजे वरची साल. भाषा, हिशेब, बेत, वादविवाद यांचा पुष्कळसा व्यवहार या सालीत चालतो आणि म्हणून सगळा मान तिला मिळतो. जुन्या नाशकातला वाडा रस्त्यावरून पाहावा तसे हे आहे. दिंडीदरवाजा दिसतो, कोरीव तुळया दिसतात. घर ज्याच्यावर चालते ते माजघर आणि कोठीघर रस्त्यावरून दिसत नाही.

मौज अशी की शरीरशास्त्रज्ञांनीही हाच शब्द वापरला आहे. मेंदूच्या मधोमध, डाव्या-उजव्या बाजूंस एकेक, अंड्याच्या आकाराचे सुमारे तीन सेंटिमीटर लांबीचे दोन गोळे असतात. त्यांना थॅलॅमस म्हणतात, आणि ग्रीक भाषेत थॅलॅमस म्हणजे घरातली आतली खोली. आपण माजघर म्हणू. डोळ्यांनी पाहिलेले, कानांनी ऐकलेले, कातडीला लागलेले सारे काही वरच्या सालीकडे जाण्यापूर्वी या माजघरातून जाते. एक वास तेवढा आडवाटेने थेट आत शिरतो. थॅलॅमस हा नुसता टपालवाला मात्र नव्हे. कोणते टपाल वर जाऊ द्यावयाचे आणि कोणते अडवावयाचे, हेही तो पाहतो. झोपेत तो बहुतेक दारे लावून घेतो. गिरणीच्या खडखडाटात गाढ झोपणारी आई मुलाच्या बारीक रडण्याने जागी होते, त्यात या दारांचा वाटा आहे.

या माजघराच्या खाली हायपोथॅलॅमस आहे. वजन अवघे चार ग्रॅम. तहान, भूक, शरीराची उष्णता, अनेक ग्रंथींचे रस यांचा कारभार याच्याकडे. आत्ता मे महिन्याच्या या उकाड्यात गोदाकाठी बसून आपण घाम पुसता आहात. तो घाम काढण्याचा हुकूम याच चार ग्रॅममधून सुटला आहे. भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाला पाणी आणि सावली मिळाली नाही, तर एका मर्यादेनंतर हा हुकूमही चालेनासा होतो. घाम काढूनही शरीर थंड होत नाही, आणि मग त्याला उष्माघात म्हणतात.

पण कामगारांच्या दृष्टीने हायपोथॅलॅमसची अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यातील घड्याळ. दोन डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींना छेदतात, त्याच्या नेमके वर सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडाची खबर त्याला परस्पर मिळते आणि तो दिवस कोणता, रात्र कोणती हे साऱ्या शरीराला सांगतो. या घड्याळाला मस्टरवरची पाळी समजत नाही. तिसऱ्या पाळीचा माणूस पहाटे चार वाजता यंत्रापुढे उभा असतो तेव्हा त्याचे घड्याळ म्हणते, झोप. आणि सकाळी आठ वाजता तो पत्र्याच्या खोलीत आडवा होतो तेव्हा तेच घड्याळ म्हणते, ऊठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली, आणि पुन्हा तपासून २०१९ साली, रात्रपाळीचे काम कर्करोगाच्या संभाव्य कारणांत नोंदविले, ही गोष्ट आपण वर्तमानपत्रात वाचली असेल.

रात्रपाळी उद्या बंद करा असे आम्ही म्हणणार नाही. इस्पितळ, वीज आणि रेल्वे रात्री चालावीच लागते. पण एक बारीक गोष्ट सांगतो. माणसाचे हे घड्याळ चोवीस तासांहून किंचित हळू चालते. त्यामुळे रोज थोडे उशिरा झोपणे त्याला जमते, लवकर झोपणे जड जाते. म्हणून पहिली, मग दुसरी, मग तिसरी या क्रमाने पाळी फिरली तर शरीर ती सोसते. पहिलीवरून तिसरी, तिसरीवरून दुसरी असा उलटा फेरा त्याला फार त्रास देतो. अमेरिकेत युटा राज्यातील पोटॅशच्या एका कारखान्यात असा उलटा फेरा होता. तो सुलटा केला आणि दर आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी पाळी बदलू लागली. तेथील कामगारांचे समाधान वाढले, उत्पादनही वाढले, असे १९८२ साली प्रसिद्ध झाले. या सुधारणेला एक पैसा खर्च येत नाही, तरी ती आमच्या करारांत क्वचित दिसते. मागणीपत्रकात आम्हीच ती लिहीत नाही, मग मालकाला कशी सुचावी?

आता अमिग्डला आणि हिप्पोकँपस. नावे अवजड, अर्थ सोपे: पहिल्याचा अर्थ बदाम, दुसऱ्याचा समुद्रघोडा. आकारावरून पडलेली नावे आहेत. दोन्ही कानांच्या आतल्या अंगाला बसलेल्या आहेत. अमिग्डला भय ओळखते आणि लक्षात ठेवते. हिप्पोकँपस घडलेल्या गोष्टींची नोंद करतो. तो नसला तर काय होते, हे १९५३ साली अमेरिकेत एका तरुणाच्या बाबतीत दिसले. हेन्री मोलेसन हे त्याचे नाव. त्याला अपस्माराचे भयंकर झटके येत; ते थांबावेत म्हणून शस्त्रवैद्याने दोन्ही बाजूंचा हा भाग काढला. झटके कमी झाले, पण त्या दिवसापासून २००८ साली मृत्यू येईपर्यंत त्या माणसाला नवे काही आठवेना. सकाळी भेटलेला डॉक्टर दुपारी त्याला परका.

या माणसाला ब्रेंडा मिल्नर या विदुषींनी एक काम दिले. आरशात पाहून कागदावरील चांदणीच्या दोन रेषांमधून पेन्सिल फिरवावयाची. करून पाहा, पहिल्यांदा हात भलतीकडेच जातो. तीन दिवस सरावानंतर त्याचा हात सफाईने फिरू लागला. आणि दर वेळी विचारले तर तो म्हणे, हे काम मी आज प्रथमच पाहतो आहे. माणसाला आठवत नव्हते, हाताला आठवत होते. म्हणजे गोष्टींची आठवण आणि कसबाची आठवण यांची कोठारे निराळी. पहिले कोठार गेले तरी दुसरे शाबूत राहिले.

हे दुसरे कोठार कोठे आहे? काही भाग डोक्याच्या मागे लहान मेंदूत आहे. उरलेला मोठा भाग आज आमचा मुख्य विषय आहे. माजघराच्या भोवती, सालीच्या खाली, पेशींचे काही गड्डे आहेत. त्यांना मिळून बेसल गँग्लिया, म्हणजे तळाचे गड्डे म्हणतात. बाहेरचा मोठा गड्डा स्ट्रायटम, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा. त्याच्या आत ग्लोबस पॅलिडस, म्हणजे फिकट गोळा. आणि त्यांच्या खाली, मेंदूच्या देठात, सबस्टँशिया नायग्रा, म्हणजे काळा पदार्थ. मेंदू कापला तर ही काळी रेघ नुसत्या डोळ्यांनी दिसते.

यांचे काम समजण्यासाठी मनमाड जंक्शनवर चला. जुन्या हाताच्या सिग्नलांची पद्धत ज्यांना आठवते त्यांना ठाऊक आहे की सिग्नलचा हात एरवी आडवाच असे, म्हणजे ‘थांबा’. एका गाडीची वाट मोकळी करावयाची असली की तेवढाच एक हात केबिनमधून ओढून खाली करीत. बाकीचे सगळे आडवेच राहत. फिकट गोळा म्हणजे हे आडवे सिग्नल. तो एरवी माजघराला सतत दाबून धरतो. शरीराच्या शेकडो संभाव्य हालचाली रुळांवर उभ्या असतात. वरच्या सालीने एखादी हालचाल योजिली की स्ट्रायटम त्या एका रुळापुरता दाब उचलतो, माजघर मोकळे होते, निरोप वर सालीकडे परत जातो आणि हात हलतो. बाकीच्या हालचाली अडलेल्याच राहतात, म्हणूनच हललेला हात नीटनेटका हलतो. काळ्या पदार्थातील पेशी स्ट्रायटमला डोपामीन नावाचा रस पुरवितात. तो कमी पडला की सिग्नल खाली येत नाही. गाडी आहे, इंजिन तापले आहे, पण फलाटावरून हलत नाही.

आणि हीच यंत्रणा सवय घडविते. नवे काम शिकताना वरची साल राबत असते. माणूस जीभ दातांत धरून, एकेक हालचाल मोजून करतो. शेकडो वेळा केल्यावर ते काम स्ट्रायटमच्या मागच्या भागात उतरते आणि साल मोकळी होते. तांबट आळीत उभे राहून ऐका. तांब्याच्या हंड्यावर ठोका पडतो तो एका अंतराने आणि एका वजनाने पडतो, आणि तांबट मात्र समोरच्या गिऱ्हाइकाशी भाव करीत असतो. येवल्याचा पैठणी विणणारा रंगीत रेशमाच्या कांड्या ताण्याखालून घालतो, मोराचा डोळा भरतो. त्याला कोणत्या बोटाने काय केले ते विचारा, तो सांगू शकणार नाही, करून दाखवील. सिन्नरच्या बाजूला विडी वळणारी बाई पान कापते, तंबाखू भरते, वळते, दोरा गुंडाळते, आणि एकीकडे सुनेला रागे भरते. हजाराच्या हिशेबाने तिला मजुरी मिळते. या बाईला अकुशल म्हणणाऱ्याने शंभर विड्या वळून दाखवाव्यात, एवढेच आमचे म्हणणे. तिचे कौशल्य तोंडाने सांगता येत नाही, परीक्षेच्या कागदावर उतरत नाही, म्हणून ते प्रतवारीत धरले जात नाही. पण स्ट्रायटममध्ये ते वर्षानुवर्षांच्या पगारी आणि बिनपगारी मेहनतीने बांधले गेलेले असते.

हे गड्डे बिघडले म्हणजे काय होते ते प्रथम नीट लिहिले लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने, १८१७ साली. हा गृहस्थ आम्हांला विशेष जवळचा वाटतो. सामान्य माणसाला मताचा हक्क हवा म्हणून लढणाऱ्या मंडळात तो होता, टोपणनावाने पत्रके लिही, आणि १७९४ साली त्याला प्रिव्ही कौन्सिलपुढे जबानीला उभे राहावे लागले. त्याने वर्णिलेल्या सहा रोग्यांपैकी काही तर त्याने रस्त्यात चालताना हेरले होते. हात कापणे, पावले लहान पडणे, अंग पुढे झुकणे, सगळे मंद होणे. आपल्याकडे याला कंपवात म्हणतात. या रोगात काळ्या पदार्थातील पेशी मरतात.

त्यावरचे औषध कसे सापडले, त्यात आपल्या रानातल्या दोन झाडपाल्यांचा वाटा आहे, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. पहिली सर्पगंधा. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली इंग्लंडच्या हृदयरोगाच्या मासिकात लिहून दाखविले की रक्तदाबावर ही मुळी उत्तम चालते. लवकरच स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे झाले. ते देताना काही रोगी कंपवाताच्या रोग्यांसारखे जड आणि संथ होतात, असे दिसून आले. १९५७ साली स्वीडनमध्ये आर्व्हिड कार्लसन यांनी रेसर्पिन देऊन ससे निपचित पाडले आणि मग त्यांना डोपा नावाचे द्रव्य टोचले. ससे उठून बसले. मेंदूत डोपापासून डोपामीन होते. रेसर्पिनने तेच संपविले होते. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

दुसरी वेल खाजकुयलीची. शाळेतील वात्रट पोरे जिच्या शेंगांची लव दुसऱ्याच्या मानेवर टाकतात तीच. तिच्या बियांतून हे डोपा दामोदरन आणि रामस्वामी यांनी मद्रासमध्ये १९३७ सालीच वेगळे केले होते; कार्लसनच्या सशांच्या वीस वर्षे आधी. पुढे १९६० साली व्हिएन्नात मृत रोग्यांचे मेंदू तपासून स्ट्रायटममध्ये डोपामीन फारच कमी असते हे कळले, आणि १९७८ साली मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाजकुयलीच्या बियांनी कंपवाताच्या रोग्यांवर केलेले उपचार प्रसिद्ध केले. हे ऐकून कोणी घरी बिया कुटू नयेत; मात्रा चुकली तर उलट्या आणि भ्रम होतात.

पण पोटात घेण्याचा डोपाचा उपचार हमखास कसा करावा, हे १९६७ साली दाखविणारा माणूस होता अमेरिकेतला जॉर्ज कोत्झियास. आणि हा डॉक्टर या रोगाकडे वळला तो दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या मँगनीज खाणींतील मजुरांमुळे. कंपवातासारखा पण कंपवाताहून निराळा असा एक रोग त्या मजुरांना होत होता, आणि तो होता कामामुळे. तेथील लोक त्याला मँगनीजचे वेड म्हणत.

मँगनीज हे आपल्या परिचयाचे खनिज आहे. जगातील मँगनीजपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास पोलादात जाते; टॉर्चच्या सेलमधली काळी भुकटी तीही मँगनीजचीच. आपल्या महाराष्ट्रात ते विदर्भात निघते. रामटेकजवळ मनसर आणि कांद्री, भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांपासूनच्या. १९६२ पासून त्यांतल्या बऱ्याचशा सरकारी कंपनीकडे आहेत. उघड्या खाणींत दगड फोडणे आणि निवडणे हे काम पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या प्रमाणावर बायांनी केले. डोळ्यांपुढे आणा: उन्हात बसून हातोडीने काळा दगड फोडणारी बाई, आणि तिच्या नाकातोंडात जाणारी काळी धूळ.

मँगनीज शरीराला चिमूटभर हवेच असते. अन्नातून आले तर यकृत जास्तीचे बाहेर टाकते. श्वासातून आले की ते यकृताला वळसा घालून रक्तात, रक्तातून मेंदूत जाते, आणि मेंदूत त्याला सर्वांत आवडते घर म्हणजे तो फिकट गोळा, ग्लोबस पॅलिडस. चुंबकाच्या यंत्राने काढलेल्या छायाचित्रात तो फिकट गोळा पांढरा झळाळताना दिसतो. शिवाय लोह आणि मँगनीज शरीरात बऱ्याच अंशी एकाच वाहनातून प्रवास करतात. अंगात लोह कमी असेल, म्हणजे माणूस रक्तक्षयी असेल, तर त्या रिकाम्या जागांवर मँगनीज बसते. आपल्या राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत असे सरकारी पाहणीच सांगते. म्हणजे एकाच धुळीत बसलेल्या दोघांपैकी जो उपाशी, त्याच्या मेंदूत विष अधिक.

पहिली नोंद १८३७ सालची, ग्लासगोची. कापड पांढरे करण्याच्या भुकटीसाठी मँगनीज दळणाऱ्या मजुरांचे पाय लुळे पडले, चेहरे निर्विकार झाले, आवाज बसला, असे कूपर या डॉक्टरने लिहिले. रोगाचा आरंभ मात्र पायांनी होत नाही, मनाने होतो. माणूस चिडचिडा होतो किंवा अगदी उदासीन होतो. कारण नसता हसतो, रडतो. झोपेची वेळ उलटते. काही महिन्यांनी चाल बदलते: कोपरे वाकलेली, चवड्यांवर उचललेली, कोंबड्यासारखी. मागे चालावयास सांगितले की पडतो. अक्षर बारीक होत जाते. कंपवातात विश्रांती घेतानाही हात कापतो. येथे तसा कंप कमी आणि आखडलेपण जास्त. आणि बिघाड काळ्या पदार्थात नसून फिकट गोळ्यात असल्यामुळे, कंपवातावर चालणारे डोपा येथे सहसा टिकून उपयोगी पडत नाही. १९७० साली कोत्झियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिलीच्या रोग्यांत चांगले गुण आल्याचे लिहिले होते. पुढच्या अनुभवाने ती आशा पुष्कळ उतरली. धूळ थांबविणे हाच उपचार, आणि तोही लवकर.

फिकट गोळा आणि त्याच्या शेजारचे गड्डे हे मुळातच नाजूक. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेल्यांपैकी जे वाचतात, त्यांच्या मेंदूत पुष्कळदा हाच फिकट गोळा जळलेला सापडतो. मिथेनॉल मिसळलेल्या दारूने स्ट्रायटमचा बाहेरचा भाग मरतो. २०१५ साली मुंबईत मालवणीला अशा दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. त्यांत मोलमजुरी करणारेच होते, हे सांगावयास नको.

आता विदर्भातून परत नाशकात येऊ. आपल्याकडे मँगनीजची खाण नाही, म्हणून येथे हा प्रश्न नाही असे कोणी समजू नये. सातपूर आणि अंबड येथे वेल्डिंग करणारे हजारोंनी आहेत. पोलादात मँगनीज असते, वेल्डिंगच्या कांडीवरील लेपातही असते. ठिणगीच्या उष्णतेत त्याचा धूर होतो आणि त्याचे कण इतके बारीक असतात की फुप्फुसाच्या तळाशी जातात. वेल्डरांना होणारा विकार किती अंशी मँगनीजचा, यावर तज्ज्ञांत वाद झाले आहेत, कोर्टातही झाले आहेत. पण २०१७ साली अमेरिकेतील जहाजबांधणी आणि अन्य कारखान्यांतल्या वेल्डरांची वर्षानुवर्षांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत धूर जितका जास्त, तितकी हालचालींची मंदता वर्षागणिक जास्त, असा हिशेब निघाला.

आपला कायदा काय म्हणतो? मँगनीजचे विष १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात होते, म्हणजे रोगी आढळला की कळविणे बंधनकारक. १९५२ च्या खाण कायद्याखालीही ते कळविण्याच्या रोगांत घातले गेले. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातही त्याचे नाव होते. आणि २०२० साली संसदेने संमत केलेल्या संहितेच्या परिशिष्टातही आहे. कागदावर आम्ही मागासलेले नाही. पण १९८७ च्या दुरुस्तीनंतर कारखाने कायद्याने मँगनीजच्या धुराची मर्यादा घातली ती घनमीटर हवेत एक मिलिग्रॅम. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेने २०१३ साली फुप्फुसात खोल जाणाऱ्या कणांसाठी सुचविलेली मर्यादा ०.०२ मिलिग्रॅम आहे. मोजण्याच्या रीती थोड्या भिन्न आहेत, हे मान्य करूनही या दोन आकड्यांतले अंतर पाहा.

आणि रोग ओळखणार कोण? एका वेल्डरचे उदाहरण सांगतो. कारखान्याचे नाव घेत नाही. अठरा वर्षांचा जुना माणूस. सहा महिने त्याचे काम मंद पडत होते. फोरमनशी तुसडेपणाने वागतो, विचारले तर उत्तर देत नाही, अशी तक्रार. मुद्दाम संथगतीने काम केल्याचे आरोपपत्र त्याला मिळाले. चौकशीत बचावासाठी आम्ही बसलो होतो. सही करावयास त्याने पेन घेतले तेव्हा आमचे लक्ष गेले. मग जुनी मस्टरे मागविली आणि दोन वर्षांच्या सह्या एकाखाली एक लावल्या. दर महिन्याला सही आखडत आली होती. शेवटची तर माशीच्या पायाएवढी. साहेबांनी त्या पाहिल्या. चौकशी तहकूब झाली, माणूस मुंबईला तपासणीस गेला, तेथील डॉक्टरांनी बेसल गँग्लियाचा विकार लिहून दिला. आरोपपत्र मागे घेतले. वेल्डिंगवरून काढून त्याला कोठारात बसविले, वेतन तेच ठेवून. भरपाईचा अर्ज आजही पडून आहे, कारण त्या खात्यातील हवा कोणी कधी मोजलीच नव्हती, आणि न मोजलेल्या हवेत मँगनीज होते हे सिद्ध कसे करावयाचे?

म्हणून आमच्या युनियनने वेल्डिंगच्या खात्यांत एक साधी रीत घातली आहे, ती इतरांनीही उचलावी. दर तीन महिन्यांनी प्रत्येक वेल्डर एका वहीत एकच ओळ पूर्ण लिहितो, खाली तारीख घालतो. मग मोकळ्या जागेत दहा पावले पुढे आणि दहा पावले मागे चालतो. बाजूला सोबती उभा असतो. याला डॉक्टर लागत नाही, यंत्र लागत नाही. अक्षर आखडू लागले, किंवा मागे जाताना पाय अडखळू लागले, की त्याला तपासणीस पाठवावयाचे. याने रोग सिद्ध होत नाही. नजर मात्र राहते. वही युनियनच्या कपाटात राहते, कारखान्याच्या नाही.

व्यवस्थापनाकडे मागण्या चार आहेत. ठिणगीपाशीच धूर ओढून घेणारी नळी, वेल्डरच्या तोंडासमोरून, डोक्यावरून नव्हे. कारण डोक्यावरचा पंखा धूर आधी नाकापुढून नेतो आणि मग वर ओढतो. टाकीच्या किंवा बंद पेटीच्या आत वेल्डिंग असेल तर बाहेरची हवा पुरविणारा मुखवटा. तोंडाला बांधलेला रुमाल या धुराला अडवीत नाही. वर्षातून एकदा हवेचे मोजमाप, आणि त्याचा आकडा सूचनाफलकावर. आणि वार्षिक तपासणीत रक्तातील हिमोग्लोबिन पाहून, ज्याचे कमी असेल त्याला लोहाच्या गोळ्या. या शेवटच्या मागणीवर एका व्यवस्थापकांनी आम्हांस विचारले, वेल्डिंगचा आणि रक्तक्षयाचा काय संबंध? तेव्हा आम्ही त्यांना माजघरापासून सुरुवात करून हे सारे सांगितले. सव्वा तास लागला. गोळ्या पुढल्या महिन्यात सुरू झाल्या. नळीसाठी अजून पत्रव्यवहार चालू आहे.